गाणं आवडलं म्हणजे माणसं कळली का?

सांजवारा
आठवडाभर एक प्रश्न डोक्यात घर करून बसलाय, म्हटलं इथे विचारावा.

माझ्या टीममध्ये एक जपानी सहकारी आहेत. दोन वर्षं झाली, रोज ऑनलाइन भेटतो पण बोलणं कामापुरतंच. परवा मीटिंगला बाकीचे यायचे होते, आम्ही दोघीच होतो आणि मी नकळत शिट्टीवर एक चाल वाजवत होते. क्यू साकामोतोचं ते गाणं, जगभर 'सुकियाकी' या नावाने ओळखतात ते. वडिलांच्या कॅसेटमध्ये होतं, लहानपणापासून कानावर आहे, आणि माझ्या लेखी ते कायम एक हलकंफुलकं, सकाळी फिरायला जाताना म्हणायचं गाणं. त्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं माझं काही चुकलं.

मग त्यांनी सांगितलं. गाण्याचं खरं नाव 'मान वर करून चालू या' अशा अर्थाचं आहे, आणि मान वर कशासाठी, तर डोळ्यातलं पाणी खाली सांडू नये म्हणून. १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये मोठं आंदोलन झालं, त्यातून हताश होऊन घरी चालत येताना गीतकाराला हे सुचलं. 'सुकियाकी' हे एका पदार्थाचं नाव, गाण्यात तो शब्दच नाही, इंग्लंडमधल्या रेकॉर्ड कंपनीला मूळ नाव लोकांना जड जाईल असं वाटलं म्हणून हे चिकटवलं. आणि साकामोतो स्वतः १२ ऑगस्ट १९८५ च्या विमान अपघातात गेला, ५२० माणसं गेली त्यात. माझ्या सहकाऱ्यांच्या आईला त्यानंतर हे गाणं ऐकवत नाही.

हेच गाणं १९६३ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं, तेही जपानीतच. युद्ध संपून १८ वर्षं झाली होती फक्त. तर मला पडलेला प्रश्न असा, की त्या वेळी ज्यांनी हे गाणं डोक्यावर घेतलं त्यांना जपानी माणूस थोडा तरी कळला का? का नुसती चाल आवडली? संगीताला भाषा नसते, संगीत माणसं जोडतं वगैरे आपण सहज बोलतो, मीही बोलायचे. आता वाटतं की मी इतकी वर्षं एक रडणं हसत हसत गुणगुणत होते. तुमचे अनुभव सांगा.

चकोर
बापरे. मीही हे आनंदी गाणंच समजत होतो आत्तापर्यंत. शिट्टीच्या जागेला तर विशेष.

ओंजळ
सांजवारा, धागा आवडला पण थोडी असहमती. शब्द कळले नाहीत म्हणजे काहीच कळलं नाही, असं नाही. कॅमेरूनच्या डोंगराळ भागातल्या माफा लोकांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पाश्चात्त्य संगीत कधीच न ऐकलेल्या माणसांना पियानोचे तुकडे ऐकवले आणि आनंदी, दुःखी, घाबरवणारं यातलं कुठलं ते चेहऱ्यांच्या फोटोंवरून ओळखायला सांगितलं. निव्वळ अंदाजाने जितकं बरोबर आलं असतं त्याहून जास्त त्यांनी ओळखलं. म्हणजे भावनेचा काही भाग तरी भाषेशिवाय पोचतोच की.

निरभ्र
@ओंजळ, पोचतो, पण किती? तुम्ही म्हणताय त्याच अभ्यासात पाश्चात्त्य श्रोत्यांनी हेच तुकडे माफांपेक्षा पुष्कळ जास्त अचूक ओळखले होते. आणि २०१६ मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांबद्दल जे छापून आलं ते याच्या दुसऱ्या टोकाचं आहे. आपल्याला सुरेल वाटणारे स्वरमेळ आणि कानाला खुपणारे स्वरमेळ, दोन्ही त्यांना सारखेच गोड वाटले. म्हणजे 'गोड' काय हे सुद्धा बरंचसं सवयीनेच ठरतं. सांजवारांच्या गाण्यात तर मुद्दामच चाल हसरी आणि शब्द रडवे ठेवलेत, चालीवरून ओळखायला गेलं तर फसणारच.

तालवेडा
मी तबला वाजवतो आणि एका बँडमध्ये ड्रम्सही, तर माझा अनुभव अगदी हाताचा आहे.

नऊ मात्रांचा ताल म्हटलं की बऱ्याच ठिकाणी तीन-तीन-तीन मोजतात. तुर्कस्तानात दोन-दोन-दोन-तीन असा चालतो. डेव्ह ब्रुबेक हा अमेरिकन जॅझ पियानोवादक १९५८ मध्ये सरकारी दौऱ्यावर इस्तंबूलला गेला, तिथे रस्त्यावरच्या वादकांकडून त्याने हा ताल ऐकला. मग तिथल्या रेडिओच्या वादकांना विचारलं तर त्यांनी सांगितलं की तुमच्याकडे ब्लूज तसं आमच्याकडे हे. त्यातून त्याने पुढच्याच वर्षी एक रचना रेकॉर्ड केली आणि तिच्या नावातच 'ब्लू' आणि 'तुर्की' दोन्ही ठेवलं. ती रचना बसवायला मला चार महिने लागले. पहिले दोन महिने मी मोजत होतो, डोक्यात आकडे. एक दिवस मोजणं सुटलं आणि शेवटचा तीनचा तुकडा लंगडत पुढे जातोय असं वाटायच्या ऐवजी झोका घेतोय असं वाटायला लागलं. त्यानंतर मी तुर्की लग्नांतल्या वादनाचे व्हिडिओ बघितले तेव्हा लोकांचे खांदे नेमके कुठे उचलतात ते मला आधीच कळत होतं!

हे 'समजणं' आहे की नाही ते तुम्ही ठरवा. मला त्यांचं राजकारण कळलं नाही, धर्म कळला नाही, पण त्यांचं अंग कसं चालतं ते माझ्या अंगाला कळलं, आणि हे पुस्तक वाचून झालं नसतं.

रानपाखरू
@तालवेडा क्या बात! झोका घेतोय हे फार आवडलं.

मुशाफिर
सगळ्यांचं वाचतोय. माफ करा पण एक उदाहरण मला कायम टोचत आलंय, ते मांडतो.

एरिक क्लॅप्टन. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर वाढलेला गिटारवादक. १९७४ मध्ये जमैकाच्या बॉब मार्लीचं रेगे गाणं गाऊन अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला. म्हणजे दुसऱ्यांचं संगीत नुसतं ऐकणारा नाही, त्यात बोटं झिजवलेला माणूस. आणि १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून तो बाहेरून आलेल्या लोकांना हाकला, अशा अर्थाचं वाट्टेल ते बोलला. पुढे त्याने त्याबद्दल लाज वाटते असं सांगितलंय, ते मान्य. पण मुद्दा असा की जर संगीताने आपोआप समज येत असती तर ती सगळ्यात आधी त्याला यायला हवी होती. चाल घेता येते, सूर घेता येतो, आणि ज्याच्याकडून घेतला तो माणूस दारात नको, हे दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतं.

अनाहत
@मुशाफिर, पण ती गोष्ट तिथे संपत नाही ना! त्याच बोलण्यावर चिडून काही जणांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं की बाबा रे तुझं निम्मं संगीत कृष्णवर्णीयांचं आहे, आणि त्या पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला लंडनमध्ये ट्रॅफल्गार चौकातून मोर्चा निघाला तो थेट व्हिक्टोरिया पार्कपर्यंत, आणि तिथे 'द क्लॅश'सारखा पंक बँड आणि 'स्टील पल्स'सारखा रेगे बँड एकाच स्टेजवर. पंक ऐकणारी गोरी पोरं रेगेला आणि रेगेवाले पंकला, एकाच गवतावर उभे राहून. मला वाटतं फरक इथे आहे. क्लॅप्टनने रेगे घरी नेलं. या पोरांना रेगे वाजवणाऱ्यांच्या शेजारी उभं राहावं लागलं.

मुशाफिर
@अनाहत, शेजारी उभं राहण्याचा मुद्दा पटला. खरंच पटला.

तरी अजून एक सांगतो मग गप्प बसतो. रवांडाचा सिमोन बिकिंदी हा तिथला लोकप्रिय गायक. त्याची गाणी १९९४ च्या नरसंहाराच्या काळात रेडिओवरून द्वेष पसरवायला वापरली गेली. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा लाउडस्पीकरवरून केलेल्या चिथावणीसाठी होती, पण गाणी त्या मोहिमेचा भाग होती हे कोर्टानेही नोंदवलं. ती गाणी चांगली होती, लोकांना आवडायची, म्हणून तर कामाला आली. गाणं 'आपण'ला घट्ट करतं, आणि 'आपण'मध्ये कोण कोण, ते गाण्याच्या बाहेर ठरतं.

चकोर
हे वाचून जरा वेळ काही लिहावंसं वाटेना.

पाऊलखुणा
मुशाफिर यांचं खरं आहे आणि म्हणूनच मला जॉनी क्लेगबद्दल सविस्तर लिहायचंय. माझ्या मते या धाग्याचं अर्धं उत्तर त्याच्यात आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

दक्षिण आफ्रिका, वर्णभेदाचा काळ. कुणी कुठे राहायचं, कुणी कुणाच्या वस्तीत जायचं, सगळं कायद्याने बांधलेलं. क्लेग हा गोरा मुलगा, १४ वर्षांचा असताना त्याला चार्ली म्झिला नावाचा झुलू सफाई कामगार रस्त्यावर गिटार वाजवताना दिसला. गिटार तीच सहा तारांची पण तारा वेगळ्या लावलेल्या, बोटांची पद्धत वेगळी. हा त्याच्या मागे लागला, मला शिकव. शिकायचं तर जिथे म्झिला आणि त्याचे लोक राहायचे त्या कामगारांच्या वसतिगृहात जायला लागायचं, जिथे गोऱ्या मुलाने जाणं बेकायदा. पोलिसांनी पकडलंही. पण जात राहिला, भाषा शिकला, तिथला नाच शिकला. पाय डोक्याच्या वर नेऊन जमिनीवर आपटायचा तो नाच, पायातलं बळ गेलं की कळतंच. पुढे मानववंशशास्त्र शिकला आणि विद्यापीठात शिकवलंही.

मग सिफो म्चुनू. हा माळीकाम करायचा, आपल्याच वयाचा एक गोरा पोरगा झुलू गिटार वाजवतो असं त्याच्या कानावर आलं आणि तो सरळ शोधत आला, बघू तर खरं कोण चांगलं वाजवतं. त्या चढाओढीतून दोस्ती आणि दोस्तीतून 'जुलुका' हा बँड, पहिला अल्बम १९७९ चा. जुलुका म्हणजे झुलूमध्ये घाम. सरकारी रेडिओ त्यांची गाणी लावायचा नाही आणि कारण ऐका, एकाच गाण्यात इंग्रजी आणि झुलू मिसळतात म्हणून! भाषा वेगळ्या ठेवायच्या हे धोरणच होतं. मग हे विद्यापीठांच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये, वसतिगृहांत, कुणाच्या घरी वाजवायचे.

१९८७ मध्ये क्लेगने दुसऱ्या बँडबरोबर मंडेलांवर गाणं केलं, मंडेला तुरुंगात असताना. त्यात झुलूत तो म्हणतो की आम्ही त्यांना पाहिलं नाही, कारण त्या काळी मंडेलांचा फोटो छापणंही गुन्हा होता. १९९९ मध्ये फ्रँकफर्टला तो हे गाणं गात होता आणि मागून मंडेला स्वतः नाचत स्टेजवर आले. व्हिडिओ आहे, बघा. क्लेगला आधी कळतच नाही की लोक एवढे का ओरडताहेत.

तर माझं म्हणणं इतकंच की म्झिलाचं संगीत ऐकून क्लेगला झुलू लोक कळले असं झालं नाही. त्या संगीतासाठी त्याला वसतिगृहाच्या दारातून आत जावं लागलं, भाषा शिकावी लागली, पकडलं जावं लागलं, त्यातून कळले. गाण्याने फक्त जायला भाग पाडलं.

रानपाखरू
@पाऊलखुणा तुमच्या प्रतिसादासाठीच हा धागा निवडक दहात टाकलाय. व्हिडिओ बघितला, दोनदा रडले.

कोरा_कागद
सगळं छान चाललंय पण पैशाबद्दल कुणी बोलणार आहे का?

सोलोमन लिंडा. झुलू गायक, १९३९ मध्ये त्याने 'म्बुबे' रेकॉर्ड केलं, म्बुबे म्हणजे सिंह. हक्क गेले दहा शिलिंगांना. रेकॉर्ड अमेरिकेत पोचली, तिथल्या लोकगीत गायकाला 'उयिंबुबे'चं 'विमोवे' असं ऐकू आलं, १९६१ मध्ये इंग्रजी शब्द घालून ते पहिल्या नंबरावर गेलं, पुढे मोठ्या कार्टूनपटात आलं, जगातल्या प्रत्येक पोराला पाठ झालं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत गेला. त्याच्या मुलींना २००६ मध्ये कोर्टकचेरीनंतर तडजोड करून काहीतरी मिळालं. आता सांगा, कुठल्या संस्कृतीला कुठली संस्कृती समजली इथे? सांजवारांना त्यांचं गाणं चुकीच्या नावाने माहीत होतं, इथे तर शब्दच चुकीचा ऐकला आणि तोच चुकीचा जगभर गायला गेला.

माझा साधा निकष आहे. ज्याचं गाणं आहे त्याचं नाव लावलं का, आणि त्याला पैसे मिळाले का. हे नसेल तर समज वगैरे बोलूच नये.

अनाहत
@कोरा_कागद, शंभर टक्के. पण मग तुमच्या निकषावर अमेरिकन गायक पॉल सायमनच्या १९८६ च्या अल्बमचं काय? 'ग्रेसलँड'. जोहान्सबर्गला जाऊन तिथल्या वादकांबरोबर रेकॉर्ड केलं, अमेरिकेतल्या युनियनच्या दराच्या तिप्पट पैसे दिले, गाण्यांवर सहलेखक म्हणून नावं दिली. नाव आणि पैसा दोन्ही चोख. तरी तो वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेवर घातलेल्या सांस्कृतिक बहिष्काराचा काळ होता, आणि आधी विचारलं का नाहीस म्हणून चळवळीतले लोक चिडले.

कोरा_कागद
चिडले ते बरोबरच होतं असं मला वाटतं. बहिष्कार हे त्या लोकांच्या हातातलं हत्यार होतं, ते बोथट करायचा हक्क बाहेरच्याला नाही.

पाऊलखुणा
पण देशाबाहेर राहावं लागलेले तिथलेच कलाकार मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला, दोघं त्याच्याबरोबर १९८७ च्या दौऱ्यावर गेले ना. त्यांच्याइतकं कुणाचं नुकसान झालं होतं? आणि 'लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो' या झुलू गायकांच्या समूहाचा आवाज जगात पोचला तो त्यातूनच. कामगार वसतिगृहांत रात्री हळू पावलं टाकत गायची ती पद्धत, इसिकाथामिया म्हणतात. मला दोन्ही बाजू पटतात आणि त्याचा त्रासही होतो.

अनाहत
मलाही. त्या अल्बमवर माझं इतकं प्रेम आहे की मी निःपक्ष राहूच शकत नाही.

तालवेडा
थोडं अवांतर. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशासाठीची मैफल. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावून घेत होते आणि ते संपल्यावर प्रेक्षकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. रविशंकर अगदी सौम्यपणे म्हणाले की नुसतं लावणं एवढं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. लोक या किश्शावर हसतात, मला त्यात प्रेक्षकांबद्दल माया वाटते. काहीच कळत नसताना ती हजारो पोरं कान देऊन बसली होती, आणि निर्वासितांसाठी आली होती. 'बांगलादेश' हा शब्द त्यातल्या कितीतरी जणांनी त्या मैफलीमुळे पहिल्यांदा ऐकला असेल.

ओंजळ
अवांतर कसलं, मुद्द्यातच आहे ते.

माझ्या घरातलं सांगते. मुलगी १५ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी कोरियन गाण्यांचं वेड लागलं. मला आधी अजिबात आवडलं नव्हतं. मग तिने हांगुल लिपी शिकली, दोन दिवसांत वाचायला लागली आणि मला म्हणाली, आई, यातल्या अक्षरांचे आकार जीभ तोंडात कुठे लागते त्यावरून केलेत. तोवर मला ते माहीतच नव्हतं. मग समजलं की कोरियनमध्ये मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलतं, तर म्हणाली हे तर आपल्यासारखंच आहे, आलास आणि आलात. आणि मग एक दिवस इतिहास विचारायला लागली. कारण तिच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये जपानी आणि कोरियन मुलींचं भांडण झालं होतं आणि कशावरून ते हिला कळलं नव्हतं. मी आणि तिने बसून वाचलं. १९१० ते १९४५ ची जपानी राजवट, आणि दक्षिण कोरियात जपानी गाण्यांवर असलेली बंदी, जी १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठत गेली आणि जपानी भाषेतले अल्बम २००४ मध्ये कुठे खुले झाले. आता तेच जपानी पोरंपोरी कोरियन गाण्यांवर जीव टाकतात.

भांडण मिटलं का विचारलं तर म्हणाली नाही, पण आता त्यातल्या दोघी एकमेकींना आजीच्या गोष्टी विचारतात. म्हणून मघाशी मी असहमत होते, अजूनही थोडी आहे, पण पाऊलखुणा म्हणतात ते पटलं. गाण्यामुळे ती तिथवर गेली. पुढचं तिने केलं.

निरभ्र
@ओंजळ, मुलीचं खूप कौतुक सांगा. आलास-आलात तर मस्तच.

मला एक भीती वाटते ती अशी, की गाण्यांचं ॲप आता आपल्याला हवं तिथे थांबूच देत नाही. गाणं आवडलं की त्याच्यासारखं दुसरं लगेच. थांबून हे कुणाचं, काय म्हणतात, असं विचारायला फट राहत नाही. मी गेले काही महिने एक नियम पाळतोय, परक्या भाषेतलं गाणं तीनदा ऐकलं गेलं की चौथ्यांदा ऐकण्याआधी अर्थ शोधायचा. बरीच गाणी त्यामुळे सुटली, आणि काही इतकी आत गेली की विचारू नका. पोर्तुगीजचा एक कोर्सही सुरू केलाय.

चकोर
निरभ्र, नियम ढापतोय. आजपासून.

सांजवारा
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुशाफिर, तुमचे दोन्ही प्रतिसाद वाचून झोप लागली नाही, पण लिहिलंत ते बरं केलंत. पाऊलखुणांचा क्लेग मी आता पूर्ण ऐकतेय.

काल पुन्हा आम्ही दोघी पाच मिनिटं आधी आलो. मी माफी मागितली की तुमच्या आईंना जे ऐकवत नाही ते मी वाजवत होते. त्या म्हणाल्या, नाही हो, मला उलट आश्चर्य वाटलं की इतक्या लांब कुणाच्या वडिलांच्या कॅसेटमध्ये ते होतं, मी रात्री आईला फोन करून सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या मुलीला दुसरं कडवं येतं का विचार. मला शिट्टी सोडून काहीच येत नव्हतं. तर आता शिकतेय.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत असं रडू आवरण्याचं गाणं आहे का. मी एकाचा अर्थ सांगायला लागले आणि 'हुरहूर'वर अडकले. वाट बघणं म्हटलं तर कमी पडतं, काळजी म्हटलं तर जड होतं. मी म्हटलं संध्याकाळी उगीच वाटतं ते. त्या म्हणाल्या, सेत्सुनाइ? आणि छातीवर मूठ धरून दाखवली. त्यांच्या शब्दात आवळल्यासारखी कळ आहे, आपल्यात ती तेवढी नाही, आपल्यात कुणीतरी येईल अशी धाकधूक जास्त आहे. मीटिंगला बाकीचे आले तेव्हा आम्ही दोघी यावरच बोलत होतो, आणि मॅनेजरने विचारलं कुठला प्रोजेक्ट आहे हा.

तालवेडा
दुसरं कडवं बसलं की इथे रेकॉर्डिंग टाका. ठेका मी धरतो.

पाऊलखुणा
आणि त्यांना कुठलं मराठी गाणं सांगितलंत ते राहिलंच की!